शीव समितीचे एकमेव सदस्य

रंभाजी आबा दर शनिवारी दगडाला आंघोळ घालायचे. देवाच्या दगडाला नव्हे, शिवेच्या. सकाळी स्वतःची आंघोळ उरकून, धुतलेलं धोतर नेसून, एका हातात पाण्याची कळशी आणि दुसऱ्या हातात चुन्याचा डबा घेऊन ते बोरगव्हाणातून निघायचे ते थेट गायरानात. गायरानाच्या मधोमध गुडघ्याएवढा एक दगड आहे. तो धुवायचा, फडक्याने पुसायचा आणि वरून खालपर्यंत पांढराफेक करायचा. सोमवारी पलीकडच्या कुंभेखेडचे दामूअण्णा यायचे आणि त्याच दगडाला गेरू फासायचे. तीस-पस्तीस वर्षं हे चाललं होतं. थरावर थर चढून दगड इतका फुगला होता, की मूळचा केवढा होता हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दोन्ही गावांनी मिळून नेमाने केलेलं एवढं एकच काम मी माझ्या नोकरीत पाहिलं.

मी बोरगव्हाणला ग्रामसेविका म्हणून रुजू झाले तो दिवस मला आठवतो. शेवगावहून स्कूटीवरून धुळीने माखून पोचले होते, डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नव्हतं, तेवढ्यात ऑफिसच्या पायरीवर बसलेला एक उंच, वाळका म्हातारा उठला आणि म्हणाला, "म्याडम, च्या नंतर घ्या. आदी शीव बगा." मला वाटलं, गावात काही अपघात वगैरे झालाय. तर आबांनी मला गायरानात नेऊन भर उन्हात उभं केलं आणि हात पसरला. "ह्ये समदं आपलं. पार त्या वढ्यापरेंत. वढ्याच्या पल्याड कुंभेखेड. आन त्यांचं म्हननं काय, तर अल्याडच्या त्या वडापरेंत त्यांचं. आता बोला." मी नीट पाहिलं. चाळीस एकर मुरूम, खडक, थोडी कुसळं आणि एक शेळी. शेळी कुणाची हे मी विचारलं नाही. तेवढं शहाणपण मला पहिल्याच दिवशी आलं.

दगड पांढरा असेल तोवर गायरान आमचं आणि तांबडा असेल तोवर त्यांचं, असा हा कारभार. पुढे एकदा मी हिशेब करून आबांना दाखवलं, की शनिवार ते सोमवार म्हणजे आपल्याला आठवड्यातले दोनच दिवस मिळतात, त्यांना पाच. आबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "शनवार मारुतीचा वार हाय. दिवस मोजायचे नसत्यात म्याडम, दिवसाचं वजन बगायचं," म्हणाले. पण त्या बुधवारी ते गुपचूप चुन्याचा डबा घेऊन जाऊन आले, हे मला शिपायाने सांगितलं.

गावात एक शीव समिती होती. आबा दोनदा सरपंच होते त्या काळात त्यांनीच ती नेमली होती, सात जणांची. मी आले तेव्हा सहा जण देवाघरी गेले होते. रिकाम्या जागा भरायचा विषय आबा निघूच देत नसत. त्यामुळे समितीचे सगळे निर्णय एकमताने होत. आबा येऊन माझ्या टेबलासमोर बसत, "समितीची बैठक झाली, ल्ह्या," म्हणत आणि ठराव सांगत. मी लिहीत असे. ठराव कायद्यात बसतो का, हा प्रश्न मी सुरुवातीला दोन-तीनदा विचारून पाहिला. "आदी ल्ह्या, मग बसवू," हे त्यांचं उत्तर. मीही लिहिलं. नोकरीच्या गावात म्हाताऱ्याशी कोण वाकडं घेणार?

त्यांचं सगळं राजकारण तीन शब्दांत मावायचं: बसू, बोलू, बघू. कुठलाही अधिकारी आला, कसलाही तोडगा घेऊन आला, की आबा त्याला आधी बसवायचे, गुळाचा चहा पाजायचे, मग बोलायचे, आणि शेवटी म्हणायचे, "बगू की. घाई कोनाला हाय?" एका तहसीलदाराला त्यांनी असं चार वर्षं बसवलं. तो बदलून गेला तेव्हा आबा त्याला निरोप द्यायला नारळ घेऊन गेले होते. "लई चांगला मानूस. काय बी केलं न्हाई," हे त्यांनी कुणालाही दिलेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र.

खरं सांगते, मला हा माणूस आवडायचा. रागही यायचा आणि आवडायचाही. माझी स्कूटी पंक्चर झाली तर उन्हातान्हात दोन किलोमीटर ढकलत आणून द्यायचे आणि वर मलाच दटावायचे, की टायर बघून निघत जा. गायरानात सख्ख्या पुतण्याने पत्र्याची टपरी टाकली, तर आबांनी स्वतः कुदळ घेऊन ती पाडली. जिल्ह्यातली किती गायरानं कुणी कुणी गिळली हे सांगायला नको. आमचं मात्र जसंच्या तसं राहिलं, कारण दोन गावं त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून बसली होती. एवढं श्रेय आबांना द्यायलाच हवं. राखून ठेवलेल्या जागेचं पुढे करायचं काय, हे मात्र त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

आबांच्या ओसरीवर टीव्ही होता आणि टीव्हीशेजारी गायरानाचा नकाशा, चौकट करून टांगलेला. संध्याकाळच्या बातम्यांत कुठल्या तरी लांबच्या देशांची लढाई लागली, की आबा पुढे सरकून बसत. लाल बाण, निळे बाण, आरडाओरडा करणारे चार तज्ज्ञ, आणि मधे आबा. कुठल्या तरी देशाने शेजाऱ्याची गॅसची पाईपलाईन बंद केली, ही बातमी त्यांच्या फार मनात भरली. तीन दिवस ते तेवढंच बोलत होते. "बगा म्याडम, गोळी न्हाई, बंदूक न्हाई. नुसता कॉक फिरवला. आन समोरचा गारठून शरन." मी म्हटलं, आबा, बातमी पूर्ण ऐका, कॉक फिरवणाऱ्याचंही नुकसान झालंय म्हणतात. "त्ये जाहिरातीनंतर सांगत्यात, मी त्यवड्यात झोपतो," म्हणाले. नंतर जे घडलं त्याचं सगळं कारण या एका वाक्यात आहे, पण मला तेव्हा ते कळलं नाही.

झालं असं, की कुंभेखेडकरांनी एका सोमवारी गेरू फासून झाल्यावर गायरानात पाटी रोवली: कुंभेखेडची हद्द सुरू. आबा पाटी पाहून आले. कुंभेखेडला जाणारी विजेची लाईन आमच्या गावावरून जाते. ती बंद-चालू करायचा दांडा आबांच्या शेताच्या कडेच्या खांबावर, आणि त्या दांड्याच्या कुलपाची किल्ली आबांकडे. वायरमनकडे नऊ गावं. तो रोज कुठे कुठे धावणार? म्हणून गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाकडे किल्ली ठेवायची, अशी आमच्याकडची रीत. जबाबदार म्हणजे घरी सापडणारा. आबांनी मंगळवारी सकाळी किल्ली काढली आणि दांडा ओढला. कुंभेखेड बंद.

त्या दिवशी गावात सणाचं वातावरण होतं. पारावर माणसं जमली, आबांना मधे बसवलं, कुणी पेढे आणले. आबा लांबच्या देशांची उदाहरणं देत होते. "दोन दिस थांबा. दामूअन्ना पाटी उपसून डोक्यावर घिऊन येतो का न्हाई बगा." बुधवारही तसाच गेला. गुरुवारी सकाळी गावातल्या नळांना हवा आली. पाणी नाही, नुसती हवा, फुसफुस करत. टाकीत शिल्लक होतं ते दोन दिवस पुरलं होतं. कारण बोरगव्हाणच्या पिण्याच्या पाण्याची विहीर ओढ्याच्या पलीकडे, कुंभेखेडच्या हद्दीत आहे. आणि विहिरीवरची मोटर कुंभेखेडच्या लाईनवर चालते. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं, मी दर महिन्याला त्या मोटरचं रजिस्टर लिहीत होते. पण शत्रूची वीज तोडायच्या आनंदात आपली मोटर कुणाला आठवते?

बायका कळशा घेऊन आबांच्या ओसरीवर आल्या. एकीने विचारलं, "आबा, गारठून शरन कोन आलं म्हनायचं?" आबांनी मला बोलावून घेतलं आणि ठराव सांगितला. तो मी माझ्या हाताने लिहिला आहे, शब्द न् शब्द पाठ आहे: कुंभेखेड येथील लहान मुले व वृद्ध यांचे हाल लक्षात घेता, निव्वळ माणुसकीच्या भावनेतून वीजपुरवठा पूर्ववत होण्यास हरकत नाही. वीज बंद का झाली होती, या रकान्यात आबांनी 'वादळवारा' लिहायला लावलं. त्या आठवड्यात झाडाचं पान हललं नव्हतं. पाटी तिथेच राहिली. आबांनी शनिवारी तिच्यावरही चुना फासला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण मग सौरची योजना आली. सरकार गायरानावर सौर पॅनेल बसवणार, आणि त्यातून दोन्ही गावांच्या शेतीला दिवसा वीज मिळणार. ज्यांनी रात्रीचं पाणी भरलेलं नाही त्यांना यातलं मोल कळायचं नाही. आमच्याकडे मोटरची वीज एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस बॅटरी घेऊन शेतात जातो, एका वाफ्याचं दारं मोडून पाणी दुसऱ्यात घेतो, आणि शेजारच्या उसात बिबट्या असतो. असेल असं नाही, असतोच. योजनेची अट एकच होती: जागेबद्दल वाद नको. दोन्ही गावांनी मुदतीत मिळून ठराव द्यायचा, नाही तर योजना दुसरीकडे जाईल.

आबांची मुलगी सुमन कुंभेखेडला दिली आहे. वाद एवढा पेटण्याआधीची सोयरीक. तिचं शेत ओढ्याला लागून पलीकडच्या काठावर. योजना कळली तशी ती त्याच दिवशी माझ्या ऑफिसात आली. काटक बाई, बोलायला बापासारखीच सरळ. "म्याडम, मालक एका हातानं दारं धरत्यात, मी बॅटरी धरती. मागच्या पाळीला पंधरा पावलांवर डोळं चमकले. आमी दोगं बी पान्यात हुबे. पळायचं बी सुचंना. बाबांना समजवा. तुमचं ऐकत्यात." आबा माझं ऐकतात हा तिचा गैरसमज होता, मी आबांचं लिहिते, एवढंच खरं होतं. तरी मी बोलले. आबा म्हणाले, "बसू की. बोलू."

बसले. अकरा वेळा बसले. बैठकीला एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला दामूअण्णा, मधे योजनेचा तरुण इंजिनिअर. आबा आणि दामूअण्णा चहाच्या वेळी एकमेकांच्या गुडघेदुखीची विचारपूस करायचे, औषधं सांगायचे, आणि बशी खाली ठेवली की पुन्हा वैरी. पहिल्या चार बैठका फाटक कुणाच्या बाजूला यावर गेल्या. इंजिनिअर म्हणाला, दोन्हीकडे फाटक करू. आबा म्हणाले, "दोन फाटकं म्हंजे दोन मालक झाले," आणि दामूअण्णांनी मान डोलावली. त्यांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या सात बैठका पाटीवर आधी कुणाच्या गावाचं नाव यावर. इंजिनिअर घायकुतीला येऊन म्हणाला, बाराखडीप्रमाणे लिहू. आबांनी बोटांवर मोजून पाहिलं, क आधी येतो. "बाराखडी त्यांच्या बाजूची हाय," म्हणाले.

मुदत संपायला आठवडा उरला असताना ग्रामसभा भरली. सुमन आली होती. बायकांच्या बाजूला मागे बसली होती ती उभी राहिली आणि बापाला भर सभेत विचारलं, "बाबा, मी रातीची पान्यात हुबी ऱ्हाती. तुमाला गायरान पायजे का मी?" आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, ही बाई कुठल्या गावची मतदार हाय?" मी म्हटलं, आबा... "मी इचारलं त्ये सांगा." मी म्हणाले, कुंभेखेडची. "मंग परगावच्या मानसाला आपल्या सभेत बोलता येत न्हाई. ल्ह्या." आणि मी लिहिलं: परगावच्या एका महिलेने प्रश्न उपस्थित केला, तो सभेच्या विषयात बसत नसल्याने विचारात घेतला नाही. सुमन पदर सावरून निघून गेली. मला आजही त्या ओळीची लाज वाटते. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून ती फार ठळक दिसते.

मुदत संपली. योजना नेवाशाच्या बाजूच्या कुठल्याशा गावाला गेली. त्या संध्याकाळी आमच्याकडे आबांची मिरवणूक निघाली, गुलाल, हलगी, सगळं. "एक इंच दिला न्हाई," आबा पारावरून म्हणाले. ओढ्यापलीकडूनही हलगी ऐकू येत होती. मला आधी प्रतिध्वनी वाटला. नंतर कळलं, तिकडे दामूअण्णांची मिरवणूक होती. तेही इंचभर दिलं नाही म्हणूनच नाचत होते. दोन्ही गावं जिंकली होती आणि दोन्ही गावांत त्या आठवड्यात विजेची रात्रपाळी होती.

महिन्याभरात सुमनचा नवरा रात्री पाणी भरताना उसातली खसफस ऐकून पळाला आणि पाटाच्या कोरड्या चारीत पडला. मांडीचं हाड मोडलं. बिबट्या होता की डुक्कर, कुणी पाहिलं नाही. तो खाटेवर पडला, आणि गहू ऐन पाण्यावर होता. आता दारंही सुमननेच धरायचं आणि बॅटरीही तिनेच. गावात लोक चुकचुकले. आबांचा शनिवारचा चुना मात्र चुकला नाही.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एक आठवडाआड आबा दिवसा ऑफिसच्या पायरीवर बसल्या बसल्या पेंगायचे. डोळे तांबडे, धोतराच्या काठाला चिखल. पिशवीतून नव्या बॅटरीचं टोक बाहेर. मी एक दिवस धरलंच. "आबा, रात्री ओढ्यापल्याड जाता म्हणे." आबा सावरून बसले. "जातो. दुश्मनाच्या हद्दीची पाहनी करावी लागती." मी विचारलं, बॅटरी घेऊन? "मंग अंधारात पाहनी कशी करनार?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, आठवडाभर रात्र रात्र लेकीच्या शेतात उभा राहायचा. ती म्हणायची, बाबा, खाली बसा. तर म्हणायचे, तू दारं बघ, माझं मी बघतो. सभेतल्या प्रश्नाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. हे सुमननेच मला सांगितलं.

मग एका दुपारी आबा माझ्या टेबलाशी आले. बसले नाहीत. "म्याडम, ती सौरवाली योजना परत येनार का? सहज इचारतो." मी म्हटलं, मागता येईल, पण दोन्ही गावांचा ठराव लागेल. "दामूला इचारून येतो," म्हणाले, आणि खरंच गेले. शीव ओलांडून, दिवसाढवळ्या, चुन्याचा डबा न घेता. तासाभराने परतले तेव्हा चेहरा उतरला होता. दामूअण्णांनी त्यांना बसवलं होतं. चहा दिला होता. आणि म्हणाले होते, "बगू की आबा. घाई कोनाला हाय?" आबांनी हे मला सांगितलं, आणि पायरीवर बसून कितीतरी वेळ चपलेचा अंगठा नीट करत राहिले. चप्पल धड होती.

फेब्रुवारीच्या एका रात्रपाळीत आबा गेले. सुमन शेताच्या वरच्या टोकाला दारं मोडत होती. बॅटरीचा उजेड बांधावरून एकाच जागी पडत होता, हलत नव्हता. तिने दोन हाका मारल्या. जवळ येऊन पाहिलं तर आबा बांधावर बसल्यासारखे टेकलेले, हातात बॅटरी तशीच चालू. तिने बोरगव्हाणला भावकीत फोन केला, आणि आमच्या गावातल्या शहाण्यांनी काय करावं? सहा जण गेले, आबांना उचललं, ओढा ओलांडला, अर्धं गायरान ओलांडलं आणि दगडाच्या अलीकडे आणून निजवलं. शीव राखणारा म्हातारा शत्रूच्या मातीत मेला, हे कसं खपायचं? उजाडल्यावर गावभर बातमी: आबा शिवेवर पहारा देता देता गेले. दगडाला हार घातला. दामूअण्णाही आले, रडले, आणि त्यांनी आपला हार दगडाच्या पलीकडच्या अंगाला घातला.

मृत्यूची नोंद माझ्याकडे असते, आणि जिथे माणूस मरतो त्याच गावाच्या रजिस्टरात ती होते. तिसऱ्या दिवशी ते सहा जण ऑफिसात आले. सरपंच सोबत. "ल्ह्या म्याडम, ठिकान बोरगव्हान, गायरान. फायदा बी हाय. उद्या कोर्टात कागद दाखवता यील, आमचा मानूस इथं मेला म्हनून." माझं पेन उघडलेलं होतं. तेवढ्यात सुमन आली. दारातच उभी राहिली. "बाबा माज्या शेतात गेले. गव्हाच्या बांधावर. रातपाळीला." सरपंच म्हणाला, "तू परगावची हायेस, हे गावचं..." ती त्याच्याकडे वळलीही नाही. "म्याडम, तुमी आजवर लई लिवलं. ह्ये खरं लिवा."

आबांच्या भिंतीवरचा नकाशा मला पाठ होता. त्यांच्या स्वतःच्या नकाशाप्रमाणेही ओढ्यापलीकडे कुंभेखेड. इतकी वर्षं मी त्यांनी सांगितलं ते लिहिलं होतं. आता सांगणारा नव्हता, आणि सांगायला आलेल्या सात जणांमध्ये आबांची पायधूळ होण्याइतकाही कुणी नव्हता. मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, ही नोंद माझ्याकडे होत नाही. रजिस्टर मिटलं, कपाटाला कुलूप घातलं, सुमनला स्कूटीवर मागे बसवलं आणि कुंभेखेडच्या ऑफिसचा रस्ता धरला. मागे सरपंच ओरडत होता. ओरडू दे.

तिथल्या ग्रामसेवकाने नोंद केली: मृत्यूचे ठिकाण, कुंभेखेड, शेतात. बोरगव्हाणच्या कागदोपत्री रंभाजी आबा मेलेलेच नाहीत. एक इंच न देणारा माणूस अखेर सगळाच्या सगळा पलीकडे गेला, आणि दामूअण्णांना त्याचा काही उपयोग करता आला नाही, कारण त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

परत येताना गायरानात सुमनने स्कूटी थांबवायला सांगितली. शनिवार होता. दगडाला चुना लागला नव्हता, खालचा गेरू दिसत होता, वर सुकलेले हार. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "सुमनताई, मी दिवसाच्या विजेचा ठराव पुन्हा घालते. या वेळी तुमचा प्रश्न शब्दाला शब्द लिहीन."

ती म्हणाली, "घाला की. पर एक आठवडा सोडून परत रातपाळी हाय म्याडम. ठरावाला बॅटरी धरता येती का?"

मी स्कूटी चालू केली.